'खसखाना' : उच्चार, अर्थ व व्युत्पत्ति

मोगल दरबाराचे वृत्तान्त आणि फिरंगी प्रवाशांचीं पत्रें चाळणारास 'खसखाना' हा शब्द केव्हां ना केव्हां भेटतोच. कडक उन्हाळ्यांत थंडाव्यासाठीं केलेली जागा, एवढा अर्थ संदर्भावरून कळतो आणि वाचक पुढें जातो. परंतु जुनीं कागदपत्रें वाचून छापणारानें असें पुढें जाऊन चालत नाहीं. शब्दाचा उच्चार काय, त्यांतील 'खस' कोणता, 'खाना' कोणता, आणि ही वस्तु म्हणजे घर कीं पडदा, याचा निर्णय केल्याशिवाय सूचींत तो कोठें घालावा हेंच ठरत नाहीं. या शब्दाच्या वाटेंत मराठी वाचकासाठीं इतर कोणाहि वाचकापेक्षां अधिक खळगे आहेत असें आमचें मत आहे. तें कां, हें पुढें दिसेल.

प्रथम ज्या कोशाचा आधार आपल्याकडे बहुधा घेतला जातो त्याचा विचार करूं. यूल व बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' (इ. स. १८८६, क्रूक यांनीं संपादिलेली आवृत्ति १९०३) हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश म्हणजे अवतरणांची खाण आहे, आणि त्याचे ऋण मान्य केल्यावांचून या विषयांत कोणासहि लिहितां येणार नाहीं. पण या कोशकारांनीं बर्निएचा 'खसखान्या'विषयींचा उतारा 'टट्टी' या शब्दाखालीं घातला आहे. त्याच शब्दाखालीं फ्रायरनें इ. स. १६७३ मध्यें लिहिलेला, खिडकीवर ओलें जाडें कापड टांगण्याचा प्रकारहि दिला आहे, आणि दौलतराव शिंद्यांच्या छावणींतून ब्रौटननें लिहिलेल्या पत्रांतील 'टट्ट्यां'चा उल्लेखहि तेथेंच आहे. फ्रायर गवती पडद्यांचें नांव घेत नाहीं, हें कोशकार स्वतःच सांगतात, यांत त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. तथापि तत्त्व एक म्हणून वस्तु एक, आणि वस्तु एक म्हणून शब्द एक, अशी ही जी पायरीपायरीनें घसरण झाली आहे ती आम्हांस मान्य नाहीं. ओलें कापड, वाळ्याची ताटी आणि खसखाना या तीन निराळ्या वस्तु आहेत. तिघींत पाणी उडून जातांना हवेंतील उष्णता घेऊन जातें, एवढेंच साम्य.

बर्निएनें दिल्लीहून इ. स. १६६३ च्या जुलैंत लिहिलेल्या पत्रांत तेथील श्रीमंतांच्या वाड्यांचें वर्णन केलें आहे. त्यांत तो म्हणतो कीं, चांगल्या वाड्यांत तळघरें असतात, किंवा त्यांच्या ऐवजीं खसखाने असतात. हीं लहान लहान घरें सुवासिक मुळ्यांचीं, नीटस बांधलेलीं, बहुधा बागेच्या ताटव्यांमध्यें पाण्याच्या हौदाजवळ उभारलेलीं असतात, म्हणजे चाकरांना बाहेरून त्यांवर पाणी मारणें सोपें जातें. येथें तीन गोष्टी लक्षांत घ्याव्या. खसखाना हा तळघराचा पर्याय आहे, दाराचा नव्हे. तो वाड्याच्या भिंतींत नसून बागेंत आहे. आणि भिजवावयाचें तें त्याचें सर्व अंग, एखादें दार किंवा खिडकी नव्हे. यास टट्टी म्हणणें म्हणजे झोपडीस तिच्या कुडाचें नांव देण्यासारखें आहे.

आतां उच्चार. बर्निए हा फ्रेंच. त्याच्या भाषेंत 'ख' नाहीं. म्हणून त्याच्या लेखणींतून 'कस-काने' असें कांहींसें रूप उतरलें. इंग्रजांनीं तोच शब्द निराळ्या वळणानें लिहिला. ब्रौटन आपल्या पत्रांत (पत्रें १८०९ सालचीं, ग्रंथ १८१३ त छापलेला) सांगतो कीं, उष्ण वारे सुटल्यामुळें टट्ट्या लावाव्या लागत आहेत, व त्या एका राठ गवताच्या मुळ्यांच्या असतात. आणि त्या गवताचें नांव तो रोमन अक्षरांत ज्या रीतीनें लिहितो त्याचा सरळ वाचल्यास उच्चार 'कुस' होतो. येथें संस्कृतज्ञ वाचकाचा हात आपोआप 'कुश' शब्दाकडे जातो. श्राद्धपक्षास, पवित्रकास व आसनास लागणारें कुश गवत आणि त्याच्या टट्ट्या! कल्पना मोहक आहे, पण ती टिकत नाहीं. त्या काळचे इंग्रज लेखक आपला ऱ्हस्व 'अ' दाखविण्यासाठीं 'यू' हें अक्षर योजीत. 'पंडित', 'पंखा', 'बंगला' हे शब्द त्यांनीं असेच लिहिले आहेत. म्हणून त्यांस आपण 'पुंडित', 'पुंखा' वाचीत नाहीं. तेव्हां ब्रौटनचा 'कुस' म्हणजे 'खस'च होय. शिवाय वस्तूची साक्ष आहे. कुशाचें महत्त्व त्याच्या पात्यांत, आणि त्याच्या मुळ्यांस सुगंध नाहीं. याच्या उलट या गवताच्या पात्यांस वास नाहीं, सुगंध सारा मुळांत. टट्टी मुळ्यांची, असें ब्रौटन स्वतः सांगतो. मग वाद कशाचा राहिला?

फारशींत हा 'ख' घशांतून घासून निघणारा आहे. मराठींत तो आपला साधा 'ख' होतो, आणि नागरींत खालीं टिंब देण्याचें मराठी लेखनांत कारण नाहीं. पहिल्या 'ख' वरील 'अ' मात्र ऱ्हस्वच राखला पाहिजे. तो दीर्घ केला कीं 'खासखाना' होतो आणि अर्थ पार बदलतो. फारशी लिपींत या दोन शब्दांची गल्लत होण्याचा संभव नाहीं, कारण 'खस' मधील 'स' साधा 'सीन' आहे, तर 'खास' हा अरबी शब्द असून त्यांत अलिफ आहे व शेवटीं 'साद' हें अक्षर आहे. परंतु मोडींत दोन्ही 'स' एकच, शिरोरेघेखालीं शब्द एकमेकांस चिकटलेले, आणि अर्थभेद राहिला तो एका कान्यावर. कारकुनाच्या भरधाव हातानें तो काना दिला कीं नाहीं, हें फाटक्या कागदावर ठरविण्याची पाळी ज्यांवर आली आहे त्यांस या धोक्याचें वर्णन नको. 'खासगी', 'खासबारदार', 'दिवाण-इ-खास' हे शब्द डोळ्यांसमोर नाचत असतातच. त्यामुळें 'खासखाना' म्हणजे धन्याची खासगी खोली, असा अर्थ लावून मनुष्य मोकळा होतो. अर्थ लागतो हीच अडचण आहे. मुळींच न लागणारा अर्थ वाचकास थांबवितो. असा भलता पण गोड लागणारा अर्थ त्यास पुढें ढकलतो. आणि शब्द तोडून 'खास खाना' असें वाचलें तर धन्याचें पक्वान्नभोजनच पुढें येतें!

दुसरा खळगा याहून मोठा, कारण तो मराठीच्या अंगणांतच आहे. मराठींत 'खस' हा सुटा शब्द जुन्या घरगुती बोलींत रूढ नव्हता. रूढ होती ती 'खसखस', आणि खसखस म्हणजे अफूच्या बोंडांतील बीं. हा शब्द फारशी-अरबी 'खशखाश' पासून आला. गवताच्या 'खस' शी त्याचा नात्यागोत्याचा कसलाहि संबंध नाहीं. गंमत अशी कीं, हिंदुस्थानीच्या अनुकरणानें इंग्रजांनीं त्या गवतासहि 'खसखस' असेंच दुहेरी नांव वापरलें, आणि म्हणून इंग्रजी ग्रंथांतील 'खसखसीच्या टट्ट्या' या शब्दप्रयोगाचें मराठी करतांना अनवधानानें अफूच्या बियांचे पडदे तयार होतात. कोणी संस्कृताचा आधार शोधूं गेला तर तेथेंहि पाय घसरतो. भावप्रकाशांत 'खसतिल' व 'खाखस' हीं नांवें आहेत, पण तीं अफूच्या बियांचीं; महाभारतांत व मनुस्मृतींत 'खस' अथवा 'खश' ही एक जाति आहे; आणि कोशांत 'खस' म्हणजे खरूज. खरजेपासून शीतगृहाची व्युत्पत्ति काढण्याचें धाडस कोणी करील असें वाटत नाहीं. पण नुसत्या ध्वनिसाम्यावर चालणाऱ्या व्युत्पत्तीस असें धाडस वर्ज्य नसतें, हें आम्हीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे.

'खाना' या उत्तरपदाविषयींहि दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. मराठी दप्तरांशीं परिचित असलेल्या माणसाच्या कानास 'खाना' हा प्रत्यय ऐकतांच अठरा कारखाने आठवतात: पीलखाना, फरासखाना, आबदारखाना, जामदारखाना, तोफखाना इत्यादि. या शब्दांत पूर्वपद म्हणजे सांभाळावयाची वस्तु, आणि 'खाना' म्हणजे तिचें खातें, तिची कोठी. त्या धर्तीवर 'खसखाना' म्हणजे खस ठेवण्याची कोठी असें समजलें तर चूक होते. येथें खस सांभाळावयाची नसून घर तिचेंच बनलेलें आहे. पूर्वपद सांठ्याचें नांव नव्हे, तर घटकद्रव्याचें नांव आहे. संस्कृत समासाच्या परिभाषेंत सांगावयाचें तर तृणगृह, पर्णकुटी यांच्या जातीचा हा समास. गजशाला, अश्वशाला यांच्या जातीचा नव्हे. खसखान्याचें सामान, ताट्या व कामट्या, जर कोठें एखाद्या खात्याकडे असेल तर तें फरासखान्याकडे, आणि पाण्याचा पुरवठा आबदारखान्याकडे अथवा भिस्त्यांकडे, असें धरणें युक्त होईल.

व्युत्पत्तीच्या प्रश्नांत शब्दाची उत्पत्ति आणि वस्तूची उत्पत्ति हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. शब्दाचा निर्णय सोपा आहे. फारशींत 'खस' म्हणजे काडी, तण, केर; 'खस व खाशाक' हा जोडशब्द उर्दू जाणणारांस ठाऊक आहे. हिंदुस्थानांत आल्यावर हा सामान्य शब्द एका विशिष्ट सुवासिक मुळीस लागला. म्हणजे शब्द इराणचा, त्याचा हा अर्थ येथला. गालिबानें आपल्या एका रुबाईंत रोज्याच्या दिवसांत आपणांस न परवडणाऱ्या वस्तु म्हणून खसखाना व बर्फाचें पाणी यांची जोडी घातली आहे, तीवरून एकोणिसाव्या शतकांतहि दिल्लीस हा शब्द जिवंत होता व ही वस्तु ऐपतीची खूण समजली जात होती, हें कळतें.

वस्तूविषयीं मात्र दोन टोकें आढळतात. एक टोक अबुल फजलाचें. 'आईन-इ-अकबरी'त तो हिंदुस्थानांतील उणिवांचा उल्लेख करून त्या आपल्या धन्यानें कशा दूर केल्या हें सांगतो: पाणी गार करण्यास शोरा आणला, पहाडांतून बर्फ आणविलें, आणि खस नांवाच्या थंड व सुगंधी मुळीचीं घरें करवून त्यांवर पाणी मारण्याची रीत घातली. दुसरें टोक आपल्याकडील स्वाभिमानी मंडळींचें: जें जें चांगलें तें तें आपल्या ग्रंथांत होतेंच, यवनांनीं फक्त नांव बदललें. आम्ही आयुष्याचीं पुष्कळ वर्षें मुलांकडून अमरकोश पाठ करून घेण्यांत घालविलीं आहेत. तेव्हां दुसऱ्या पक्षाविषयीं आमच्या मनांत आकस असेल असें कोणी समजूं नये. पण पुरावा पाहिला पाहिजे.

अमरसिंह वनौषधिवर्गांत गवतास वीरण व वीरतर म्हणतो, आणि त्याच्या मुळास उशीर, अभय, नलद, सेव्य, अमृणाल, जलाशय, लामज्जक, लघुलय, अवदाह, इष्टकापथ अशीं दहा नांवें देतो. ज्या वस्तूस दहा नांवें आहेत ती घरोघरच्या वापराची असली पाहिजे. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभीं शकुंतलेच्या दाहावर उशिराचा लेप नेला जात आहे. म्हणजे उशीर अंगास लावीत, यांत शंका नाहीं. दुसरीकडे शीतगृहेंहि होतीं: मेघदूतांत यंत्रधारागृह आहे, कादंबरींत हिमगृहाचें वर्णन आहे, आणि भोजाच्या 'समरांगणसूत्रधारा'च्या यंत्राध्यायांत धारागृह, प्रवर्षण, प्रणाल, जलमग्न व नंद्यावर्त असे जलगृहांचे पांच प्रकार सांगितले आहेत. पण या घरांत पाणी धारांनीं पडतें, किंवा मनुष्य पाण्यानें वेढलेला असतो. मुळ्यांची भिंत त्यांत नाहीं. मुळी एका ठिकाणीं, गृह दुसऱ्या ठिकाणीं. दोहोंची गांठ पडल्यावांचून खसखाना होत नाहीं.

ही गांठ जवळजवळ पडलेली एका ठिकाणीं दिसते, आणि तें ठिकाण काव्यांत नसून वैद्यकांत आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांतील ऋतुचर्येंत ग्रीष्माचे उपचार सांगतांना वाग्भटानें एका 'कायमाना'त निजावयास सांगितलें आहे, आणि त्या कायमानाभोंवतीं सुगंधी गार पाणी शिंपडलेले कापडी पडदे सांगितले आहेत. कायमान म्हणजे गवताचें घर, तृणमंडप. गवती मांडव, त्यास पडदे, त्यांवर सुवासिक पाणी: खसखान्याची सर्व कल्पना येथें आहे. उणें आहे तें एवढेंच कीं सुवास पाण्यांत आहे, भिंतींत नाहीं. ओलावा कापडांत आहे, मुळींत नाहीं. हें स्थळ संशोधकांनीं धारागृहांपेक्षां अधिक महत्त्वाचें मानावें असें आम्हांस वाटतें.

आणि अबुल फजलाच्या बाजूनेंहि एक साक्ष आहे, ती बाबराची. बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत हिंदुस्थानांत बर्फ नाहीं, थंड पाणी नाहीं, म्हणून कुरकुर केली आहे. उष्मा, वारा व धूळ हे तीन त्रास सांगून त्यांवर उपाय म्हणून तो हमामखान्याचें नांव घेतो. आग्र्याच्या उन्हाळ्यानें गांजलेल्या त्या चिकित्सक माणसानें खसखाना पाहिला असता तर तो त्याविषयीं मुका राहिला नसता. मौन हा पुरावा दुबळा, पण अशा बोलक्या माणसाचें मौन अगदीं फुकट टाकण्यासारखें नाहीं. तेव्हां आमचा निर्णय असा: ओल्या पडद्यांचें गवती शीतगृह हें वाग्भटाइतकें जुनें, त्याची संपूर्ण भिंत उशिराच्या मुळीची करण्याची रीत अकबराच्या दरबारांत प्रतिष्ठेस चढली, आणि 'खसखाना' हें नांव त्या दरबाराच्या भाषेंतलें. भाटाचें सर्व म्हणणें खोटें धरावें, हा नियम शास्त्रीय नव्हे. आणि आपल्या ग्रंथांत नसलेलें त्यांत घालावें, हाहि नव्हे.

मराठीचें या बाबतींतलें धन वेगळेंच आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झालें आहे. आपल्याकडे त्या मुळीस 'वाळा' म्हणतात. संस्कृतांत 'वाल' म्हणजे केस, आणि 'बाल', 'बालक', 'ह्रीबेर' हीं एका दुसऱ्या सुगंधी वनस्पतीचीं नांवें आहेत. तिला आपले वैद्य 'काळा वाळा' म्हणतात व उशिरास 'पिवळा वाळा'. केसांसारख्या बारीक मुळ्यांचा जुडगा, म्हणून हें नांव, असें दिसतें. 'काल' चा 'काळ' व 'बाल' चा 'बाळ' होतो त्याच नियमानें येथें 'ल' चा 'ळ' झाला. शेजारच्या भाषांनीं दुसरीं नांवें उचललीं. कानडी 'लावंच' व मल्याळी 'रामच्चम्' यांस 'लामज्जका'च्या शेजारीं बसवून पाहावें. बंगाली 'बेना' हा 'वीरणा'चा वंशज. आणि तामिळ 'वेट्टिवेर' तर युरोपांत जाऊन अत्तरवाल्यांच्या बाटलीवर बसला. त्यांतील 'वेर' म्हणजे मूळ. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं या गवताचें लॅटिन नांव पुनःपुन्हां बदललें आहे. जुन्या ग्रंथांत 'अँड्रोपोगॉन म्युरिकेटस', मग 'व्हेटिव्हेरिया झिझॅनिऑइडिस', आणि आतां 'क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस'. जुन्या सूचींवर काम करणारानें तिन्ही एकच समजावीं.

'टट्टी' साठींहि आपणांस हिंदीच्या दारीं जाण्याचें कारण नाहीं. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग ज्यास ठाऊक नाहींत असा मराठी वाचक विरळा. 'ताटी' म्हणजे काड्यांचें, कामट्यांचें दार किंवा आडोसा, हा अर्थ मराठींत तेव्हांपासून आहे. कानडी व तामिळांतहि 'तट्टि' म्हणजे असाच पडदा, तेव्हां हा शब्द दक्षिणेचा असण्याचा संभव विचारांत घेण्यासारखा आहे. हिंदींत आडोशाचा शब्द आडोशामागील जागेस लागला आणि पुढें 'टट्टी' हा शब्द चारचौघांत उच्चारणें अवघड झालें. म्हणून मराठींत लिहितांना 'वाळ्याची ताटी' असेंच लिहावें. अर्थहि नेमका आणि शिष्टाचारहि शाबूत.

या वस्तूच्या भूगोलाकडेहि लक्ष देणें जरूर आहे. ओली ताटी काम करते ती कोरड्या वाऱ्यावर. वारा दमट असला तर पाणी उडत नाहीं, आणि खोली थंड होण्याऐवजीं नुसती ओली होते. म्हणून दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, माळवा, नागपूर येथें वैशाखांत जी वस्तु अमृत, ती कोंकणांत कुचकामाची. कोंकणांतील एखाद्या दप्तरांत वाळ्याची खरेदी आढळली तर ती अत्तरासाठीं, औषधासाठीं किंवा माठांतील पाणी सुवासिक करण्यासाठीं, असें प्रथम समजावें. माळव्यांतील छावणीच्या चैत्र-वैशाखांतील हिशेबांत वाळा मणांनीं लागला आणि त्यासोबत बांबू, सुतळी व भिस्त्यांची मजुरी असेल तर ती ताट्यांसाठीं, असें समजण्यास हरकत नाहीं. तोळ्यांनीं घेतलेला वाळा आणि मणांनीं घेतलेला वाळा यांचीं ठिकाणें निराळीं. 'खसखस' शब्द असेल तर भोंवतालचे शब्द पाहावे: जायफळ, वेलदोडे, खारीक असतील तर ती स्वयंपाकघराची, बांबू असेल तर गवताची. संग्राहकांजवळ अशा याद्या पुष्कळ असतात, आणि क्षुल्लक म्हणून त्या नकलून घेण्याचें राहून जातें. त्या नकलून घ्याव्या, आणि ज्या कोणास मराठी कागदांत 'खसखाना' हें रूप कान्याशिवाय स्वच्छ लिहिलेलें आढळेल त्यानें तें तिथीसह प्रसिद्ध करावें.

एक पुरवणी जोडतों. इ. स. १८३० च्या सुमारास इंग्रजांनीं धान्य उफणण्याच्या पंख्यासारखें यंत्र एका पेटींत बसविलें, पेटीस ओल्या ताट्या लावल्या आणि ती खिडकींत ठेवली. यास त्यांनीं ग्रीक शब्द जोडून 'थर्मँटिडोट', म्हणजे उष्म्यावरील उतारा, असें भारदस्त नांव दिलें. वारा नसला तरी ताटी चालावी, हा त्यांतील नवा भाग. नागपूर-अमरावतीकडे घरोघर चालणारा कूलर हा त्याच पेटीचा वंशज आहे. हातानें फिरवावयाच्या पंख्याच्या जागीं वीज आली, भिस्त्याच्या जागीं पाण्याचा पंप. त्याच्या जाळींत गवत भरावयाचें तर दुकानदार 'खस' मागा म्हणतो, आणि त्याच गांवांतील काष्ठौषधीवाला तीच मुळी 'वाळा' म्हणून तोलून देतो.